पापणीवरचं गळू : शेकायचं कधीपर्यंत, आणि डॉक्टर गाठायचा कधी?

वारजेकरीण

नमस्कार मंडळी. रांजणवाडी झाली नाही असं घर सापडायचं नाही, त्यामुळे तिच्यावर वेगळा धागा काढायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण आमच्या सासऱ्यांचं (अण्णा, वय ७१, मधुमेह जुना) प्रकरण नुकतंच रांजणवाडीवरून सुरू होऊन पापणीतलं गळू कापण्यापर्यंत गेलं. डॉक्टरांनी जे समजावलं ते लिहून ठेवते आणि खाली दोन प्रश्न विचारते.

आधी थोडी माहिती. आपल्या पापण्यांच्या आत तेलाच्या बारीक ग्रंथी उभ्या ओळीने बसवलेल्या असतात. वरच्या पापणीत साधारण ३० ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. नाव मायबोमियन. यांचं तेल अश्रूंवर पसरतं म्हणून डोळ्यातलं पाणी लगेच सुकत नाही. ग्रंथीचं तोंड बुजलं की तेल आत साचतं. त्यात जंतू शिरले (बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जो एरवीही आपल्या कातडीवर आणि नाकात मुक्काम ठोकून असतो) की लाल, दुखरी रांजणवाडी. जंतू नसतील, नुसतं तेल साचून गाठ झाली, तर न दुखणारं कॅलेझियन. आणि जंतूंचा जोर वाढून आत पूची थैली तयार झाली, तर ते गळू.

अण्णांचं सुरुवातीला नेहमीसारखंच होतं. पापणीच्या कडेला लाल ठिपका, हात लावला की दुखणं. त्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "डोळा लाल झालाय" एवढंच सांगितलं आणि थेंब घेऊन आले. लाली झपाट्याने उतरली, ठणका कमी झाला, अण्णा खूश. आणि मग एका रात्रीत पापणी अशी सुजली की डोळा उघडेना. नंतर डॉक्टरांनी ती बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचून दाखवली : प्रतिजैविकाच्या जोडीला डेक्सामेथासोन. म्हणजे स्टिरॉइड. सूज दबली होती, जंतूंना मात्र रान मोकळं मिळालं होतं.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटली ती तपासणी. मी समजत होते की डॉक्टर आधी गाठ दाबून बघतील. त्यांनी पापणीला हातच लावला नाही. अण्णांनाच पापणी उचलून धरायला सांगून अक्षरं वाचायला लावली. मग बोटामागे डोळा वर, खाली, डावीउजवीकडे फिरवायला लावला आणि प्रत्येक वेळी "दुखतंय का?" विचारलं. लाल टोपण दाखवून दोन्ही डोळ्यांना रंग सारखाच दिसतो का ते पाहिलं. अण्णांच्या मागे उभं राहून, वरून कपाळाकडे बघत, एक डोळा पुढे आलाय का ते बघितलं. हे सगळं झाल्यावर म्हणाले, "ठीक आहे, अजून पुढच्याच खोलीत आहे."

पुढची खोली म्हणजे अशी : पापणीत एक पातळ पण चिवट पडदा असतो, ऑर्बिटल सेप्टम. संसर्ग त्याच्या पुढे असला तर तो पापणीपुरता. मागे गेला तर तो डोळ्याच्या खोबणीत, आणि मग दृष्टीच काय, जीवही धोक्यात. आमचा पुढेच होता, डोळ्याचा पांढरा भाग पांढराच होता, नजर होती तशी होती. पण आत पू पिकलेला, आणि रक्तातली साखर ३०० च्या वर. त्याच दिवशी भूल देऊन निचरा केला, पू तपासायला पाठवला, तोंडाने प्रतिजैविक सुरू केलं, इन्सुलिनचा डोस वाढवला.

प्रश्न असे : निचरा झाल्यावर परत शेक द्यायचा का? आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून कोणी काही करून बघितलंय का, ज्याचा खरंच उपयोग झाला?

सदाशिवी

आमच्याकडे तीन पिढ्या लवंग उगाळून लावतात. खारकेची बीही चालते. कोणाला कापाकापी लागली नाही. हल्ली डॉक्टरकडे गेलं की सुरी निघालीच म्हणून समजा.

घाटवाट

@सदाशिवी, तीन पिढ्यांत कोणाला मधुमेह होता का?

सदाशिवी

आजोबांना होता. ते कोणाचंच ऐकत नसत, रांजणवाडीचंही नाही.

दृष्टिक्षेप

धागा चांगला मांडलाय. मी नेत्रतज्ज्ञ आहे. न तपासता कोणाला औषध सांगत नाही, त्यामुळे "फोटो टाकतो, बघा" म्हणू नये.

सदाशिवींच्या घरात कोणाला कापाकापी लागली नाही, यात नवल काही नाही. बहुतेक रांजणवाड्या आठवडाभरात आपोआप फुटतात किंवा जिरतात. लवंग लावा, खारीक लावा, किंवा पर्वतीला जाऊन या. श्रेय ज्याने शेवटी काही केलं त्याला मिळतं. माझी हरकत लवंगेच्या गुणाला नाही. उगाळलेला कण बुबुळावर गेला की ओरखडा उठतो आणि लवंगेचं तेल डोळ्याला चांगलंच झोंबतं. लसणाची पाकळी फिरवून पापणीची कातडी भाजलेले रुग्णही आम्ही बघतो. डोळ्याभोवतीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ आहे, तिथे हे प्रयोग नकोत.

उपयोगी पडतो तो शेक. पण लोक शेक म्हणजे रुमाल तव्यावर धरून दोनदा टेकवतात आणि "शेकून झालं" म्हणतात. त्याने काही होत नाही. साचलेलं तेल घट्ट झालेलं असतं, ते पातळ व्हायला ऊब टिकून राहावी लागते. स्वच्छ कापड, सोसेल इतकं गरम पाणी, डोळा मिटून १० ते १५ मिनिटं, कापड थंड झालं की परत बुडवायचं. दिवसातून तीन-चार वेळा. पापणीला लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. उकडलेलं अंडं स्वच्छ रुमालात गुंडाळलं की ऊब बराच वेळ टिकते, शाकाहारी मंडळींनी तांदळाची पुरचुंडी करावी. मायक्रोवेव्हमधून काढलेली ओली फडकी थेट डोळ्यावर ठेवू नका, ती मध्येच कुठेतरी उकळती असतात. नुसती गाठ असेल, ठणका नसेल, तर शेकानंतर हलक्या बोटाने पापणीच्या कडेकडे मालिश. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर. पू भरलेल्या, तापलेल्या पापणीला मालिश नाही आणि दाबणं तर मुळीच नाही.

वारजेकरीण, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या सर्जननेच द्यायला हवं. साधारणपणे पट्टी निघाल्यावर, रक्त येणं थांबल्यावर कोमट शेक पुन्हा सुरू करतात, म्हणजे उरलंसुरलं वाहून जातं. पण जखम कातडीच्या बाजूने आहे की आतून, आत वात (निचऱ्यासाठी कापडाची पट्टी) ठेवली आहे का, यावर ते ठरतं.

बोरूबहाद्दर

दाबायचं का नाही? तोंडावरची पुळी दाबतोच की सगळे. पू गेला की मोकळं वाटतं.

दृष्टिक्षेप

तीही दाबू नये. चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या शिरांचं रक्त डोळ्याच्या खोबणीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या जाळ्यात, कॅव्हर्नस सायनसमध्ये, जाऊ शकतं. दाबल्यावर पू बाहेरच येईल याची हमी नाही. आत फुटला तर तो आजूबाजूच्या मऊ ऊतीत पसरतो, आणि पापणीत पसरायला जागाच जागा आहे. म्हणून तर पापणी एवढीशा कारणाने बटाट्यासारखी सुजते. कधीकधी नाकावरून सूज दुसऱ्या डोळ्यापर्यंतही जाते आणि घरचे घाबरतात.

आजी_ऑनलाइन

माझ्या नातीला (वय ५) एकामागून एक होतायत. एक बसते तोवर दुसरी. शाळेत पाठवायची की नाही? गेल्या खेपेला बाईंनी घरी पाठवलं, म्हणे डोळे आलेत.

दृष्टिक्षेप

आजी, डोळे येणं वेगळं. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याला जी साथ आली होती ती एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची अख्ख्या वर्गाला. रांजणवाडी तशी पसरत नाही, बघितल्याने तर नाहीच. टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, हात धुवायला लावा आणि खुशाल शाळेत पाठवा. ताप असेल किंवा पापणी मिटून गेली असेल तर मात्र घरी, आणि त्याच दिवशी दवाखान्यात.

पुन्हापुन्हा होतंय म्हणताय तर तीन गोष्टी तपासून घ्या. तिचा चष्म्याचा नंबर : नीट दिसत नसलं की मुलं डोळे चोळतात, आणि हात धुतलेले असतीलच असं नाही. डोक्यातला आणि पापण्यांच्या केसांतला कोंडा : पापणीच्या कडेला खवले दिसतात का बघा. आणि गाठ मोठी होऊन बुबुळावर दाब देतेय का. दाबाने बुबुळाचा आकार बदलून सिलिंड्रिकल नंबर येतो, आणि या वयात एका डोळ्याने धूसर दिसत राहिलं तर तो डोळा आळशी होऊ शकतो. लहान मुलांत गाठ काढायची तर बहुतेकदा पूर्ण भूल लागते, म्हणून आम्ही आधी शेकाला भरपूर वेळ देतो.

आजी_ऑनलाइन

धन्यवाद डॉक्टर. कोंडा आहे. तिच्या आईलाही आहे. पण हे मी बोलणार नाही, तुम्हीच लिहिलंत ते तिला वाचायला देते.

दुपारची_झोप

आजींना साष्टांग.

पेठेतला_वैद्य

सदाशिवींच्या लवंगेवर सगळे तुटून पडलेत म्हणून थोडं आयुर्वेदाबद्दल. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीचे २१ विकार वेगवेगळे मोजलेत. त्यात दाह होणारी, तांबूस, मऊ पुळी म्हणजे अंजननामिका, आणि न दुखणारी, न पिकणारी टणक गाठ म्हणजे लगण. आज आपण जो भेद रांजणवाडी आणि कॅलेझियन यांत करतो, तोच. आणि अंजननामिकेला उपाय काय सांगितलाय? आधी स्वेदन, म्हणजे शेकच. फुटली की नीट निचरा करायचा, मग औषधी चूर्ण मधातून. मात्र हे सगळं वैद्याने करायचं. त्या चूर्णात मनःशिळ आहे, म्हणजे आर्सेनिकचं खनिज. कृपा करून घरी कोणी पाठ वाचून प्रयोग करू नये. माझ्याकडे सुजलेली पापणी आणि ताप घेऊन कोणी आलं तर मी स्वतः त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो.

सदाशिवी

म्हणजे शेक आमचाच निघाला. बरं.

चष्माधारी

मला कॅलेझियन होतं, दुखत नव्हतं, पण महिनोन्महिने हललं नाही. शेवटी काढून घेतलं. लोक फार घाबरतात म्हणून लिहितो. आधी थेंबांनी डोळा बधिर करतात, मग पापणीत इंजेक्शन. ते इंजेक्शन झोंबतं, खोटं कशाला बोलू. पुढे काही कळत नाही. पापणीला गोल चिमटा लावून उलटी करतात आणि आतल्या बाजूने छेद घेऊन खरवडून काढतात. बाहेर टाका नाही, वण नाही. पट्टी बांधून घरी. मी ऑफिसला दांडी मारायची तयारी करून गेलो होतो, दुसऱ्या दिवशी कामावर होतो. काळानिळा डोळा बघून सगळ्यांनी बायकोबद्दल चौकशी केली तेवढंच.

वारजेकरीण

@चष्माधारी, अण्णांना मात्र भूल देऊनही बरंच दुखलं. आम्हाला वाटलं इंजेक्शनच कमी पडलं.

दृष्टिक्षेप

इंजेक्शन कमी पडलं नसावं. पिकलेल्या, सुजलेल्या जागी ऊती आम्लधर्मी होतात आणि लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, तिथे नीट चढत नाही. म्हणून गळवाचा निचरा थंड गाठीपेक्षा जास्त दुखतो.

छेदाबद्दल चष्माधारींनी बरोबर लिहिलंय, पुढे एवढंच : आतून छेद घेतला तर तो उभा घेतात, कारण ग्रंथी उभ्या आहेत आणि आडवा छेद शेजारच्या चार ग्रंथी कापून जाईल. गळू कातडीकडे तोंड करून असेल तर बाहेरून, पापणीच्या नैसर्गिक घडीला धरून आडवा, म्हणजे वण घडीत लपतो.

आणि कोणी विचारण्याआधीच सांगतो : गोळ्यांवरच भागत नाही का? पसरलेल्या लाल सुजेला गोळ्या लागू पडतात. पण पूची थैली झाली की तिच्या आत रक्तपुरवठा नसतो, औषध तिथवर नीट पोचत नाही. थेंबांची तर बातच सोडा, ते डोळ्याच्या पृष्ठभागावर राहतात. पिकलेल्या गळवाला वाट करून द्यावीच लागते. रक्त पातळ करायच्या गोळ्या (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे) चालू असतील तर छेदाआधी आवर्जून सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

घाटवाट

मधुमेह आणि डोळ्याची सूज वाचल्याबरोबर पोटात गोळा आला. २०२१ मध्ये आमच्या नात्यात काळी बुरशी झाली होती. सुरुवात अशीच सुजेने झालेली. ओळखायचं कसं?

दृष्टिक्षेप

भीती रास्त आहे. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनीच फार बघितलं. काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, नाक आणि सायनसमधून डोळ्याकडे येतो. गाल किंवा पापणी बधिर होणं, नाकातून काळपट-रक्ताळ स्राव, नाकात किंवा टाळूवर काळा डाग, पापणी खाली पडणं, डोळा जागच्या जागी थिजणं, आणि साखर बेसुमार वाढलेली. यातलं काहीही असेल तर तासाभराचाही उशीर नको.

साध्या संसर्गातही मागच्या खोलीत शिरकाव झाला तर खुणा ठरलेल्या आहेत : डोळा हलवताना दुखणं, दोन-दोन दिसणं, नजर कमी होणं, रंग फिके वाटणं, डोळा पुढे येणं, ताप, डोकेदुखी आणि उलट्या. असा रुग्ण ओपीडीच्या वेळेची वाट बघत बसत नाही. पुण्यात ससूनसारखं अतिदक्षता विभाग आणि सीटी स्कॅन असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं, कारण शिरेतून औषधं द्यावी लागतात आणि कान-नाक-घशाचे तज्ज्ञही लागतात. तातडी नसेल तेव्हा शिवाजीनगरची राष्ट्रीय नेत्र संस्था, महंमदवाडीचं देसाई नेत्र रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे डोळ्यांचे डॉक्टर.

दुपारची_झोप

आमच्या भागात एक ते चार सगळं बंद असतं. गळवाने ही वेळ पाळावी अशी पाटी लावतो.

स्लाइडवाली

पू तपासायला पाठवला हे उत्तम केलं. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. पुष्कळदा पू पुसून टाकतात आणि मग औषध लागू पडलं नाही की अंधारात चाचपडत बसतात. कल्चरचा (पूतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात. रिपोर्टमध्ये "एमआरएसए" (औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस) आलं तर नेहमीची पेनिसिलिन कुळातली औषधं चालत नाहीत, औषध बदलावं लागतं. त्यामुळे बरं वाटलं तरी रिपोर्ट घ्यायला जा. आमच्याकडे न नेलेल्या रिपोर्टांचा एक खणच आहे.

आणि मेडिकलमधल्या थेंबांबद्दल : बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन यातलं नाव असेल तर ते स्टिरॉइड. नियमाप्रमाणे ते चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत. महिनोन्महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.

बोरूबहाद्दर

मेडिकलवाल्याला कशाला दोष? आपणच काउंटरवर "कायतरी भारी द्या" म्हणतो.

स्लाइडवाली

आपण म्हणतो, मान्य. पण परवाना त्याच्या भिंतीवर टांगलेला असतो, आपल्या नाही.

कर्वेरोडची_काजळवाली

परत होऊ नये म्हणून मी काय केलं ते सांगते. दोन वर्षं मला हा त्रास होता. रोज कर्वे रस्त्यावरून स्कूटर, त्यात मेट्रोची धूळ, तोंडाला स्कार्फ, पण डोळे उघडे. मी सगळा दोष धुळीला देत होते. डॉक्टरांनी पापण्या भिंगाखाली बघितल्या आणि म्हणाल्या, कडेला काजळाचे थर बसलेत, ग्रंथींची तोंडं बुजलीत. जुनं काजळ, मस्कारा सगळं टाकून दिलं. आता काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावत नाही, झोपताना मेकअप काढते, रोज रात्री शेक आणि पापण्यांच्या मुळांची सफाई (मी पापण्यांसाठीचे तयार वाइप्स वापरते). लेन्स सूज असताना पूर्ण बंद. हेल्मेटची काच खाली. त्रास जवळजवळ थांबलाय. काही जणांना डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा लांबलचक कोर्स देतात, मला दिला होता. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तो देत नाहीत, त्यामुळे माझी चिठ्ठी कोणी वापरू नका.

दृष्टिक्षेप

अगदी योग्य. भर एवढीच : मोठ्या माणसांत वारंवार होत असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. कितीतरी जणांचा मधुमेह पापणीवरून कळतो. आणि पन्नाशी-साठीनंतर त्याच जागी गाठ परत येत असेल, तिथले पापण्यांचे केस झडत असतील, तर नुसतं खरवडून सोडू नका, तुकडा तपासायला पाठवायला सांगा. तेलग्रंथींचा कर्करोग कॅलेझियनचं सोंग घेऊन येतो. पाश्चात्त्य देशांत तो दुर्मीळ समजतात, आपल्याकडे पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा बराच मोठा आहे.

वारजेकरीण

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट आणला. स्टॅफिलोकॉकसच निघाला, साधा, चालू औषधाला दाद देणारा. सूज उतरलीय, साखर दोनशेच्या खाली आलीय. सर्जननी कोमट शेक सुरू करायला सांगितलाय. अण्णा स्वतः भांडं घेऊन बसतात आणि पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजतात.

आता एक नवीन अडचण. त्यांच्या त्याच डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख पुढच्या महिन्यात ठरलेली आहे. अण्णांचं म्हणणं, पापणी बरी झाली, आता कशाला थांबायचं. मुलगा परदेशातून रजा काढून येतोय, तिकीट काढलंय.

दृष्टिक्षेप

मोतीबिंदूच्या सर्जनना हे सगळं आजच कळवा, कल्चरचा रिपोर्टही दाखवा. पापणीवर जंतुसंसर्ग असताना किंवा नुकताच होऊन गेलेला असताना डोळा उघडायचा नसतो, कारण पापणीच्या कडेचेच जंतू आत गेले तर एंडोफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला संसर्ग, होतो आणि त्यात डोळा जाऊ शकतो. पापण्यांच्या कडा पूर्ण शांत व्हायला हव्यात आणि साखर आटोक्यात. मोतीबिंदू थांबू शकतो, बहुतेक वेळा त्याला घाई नसते.

आजी_ऑनलाइन

मुलाला येऊ दे ग. सर्जरी नाही झाली तरी अण्णांना शेकायला तेवढाच एक माणूस.

वारजेकरीण

फोन केला. तारीख पुढे गेली. अण्णा रुसलेत.